पडता भाव आणि कोठीतला दाणा



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. बसला, पाणी प्याला आणि खिशातून मोबाईल काढून त्याने माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक रेघ होती. डाव्या अंगाला डोंगरासारखी चढलेली, आणि उजव्या अंगाला थेट दरीत उतरलेली.

"सर, ही अमेरिकेतली कंपनी आहे. संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटवणाऱ्या चिप बनवते. शंभराचा शेअर वीसवर आलाय. एनव्हिडिया कंपनीसुद्धा एकदा अशीच बुडायला आली होती. तेव्हा ज्यांनी धीर धरला त्यांचे सोने झाले. मला वाटतं, हीच वेळ आहे."

मी विचारले, "पैसे कुठले?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "बाबांना निवृत्तीनंतर मिळालेले. बँकेत नुसतेच पडून आहेत."

मी आयुष्यभर वाणिज्य शिकवले. 'घे' किंवा 'घेऊ नको' असे एका शब्दात सांगितले असते तर तो ऐकून गेलाही असता. पण त्याचा दाखला खरा होता. म्हणून त्याला आधी त्या दाखल्याची पुरी गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो. परदेशातले शेअर घ्यायला रिझर्व्ह बँकेच्या २००४ सालच्या योजनेने वाट करून दिली आहे आणि मोबाईलमुळे ती वाट आता गावच्या पारापर्यंत आली आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ शहरातल्या लोकांचा राहिलेला नाही.

प्रथम ही चिप करते काय, ते पाहू. संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. फक्त ठिपके लाखो. पडद्यावर मोटार धावताना दिसते तेव्हा प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला कित्येक वेळा नव्याने ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य मेंदू हुशार हेडमास्तरांसारखा असतो. अवघड गणित चटकन सोडवील. पण लाखो सोपी गणिते एकामागून एक करू लागला तर दमून जाईल. चित्रांची चिप म्हणजे भरलेला वर्ग. मुले साधीच, पण प्रत्येकाला एकेक सोपे गणित दिले की सगळ्यांची उत्तरे एकदम तयार. मर्म आहे ते एवढेच.

आता धंद्याकडे वळू. अशा कंपन्या बहुधा स्वतः चिप घडवत नाहीत. त्या आराखडा करतात, आणि घडवण्याचे काम दुसऱ्याच्या कारखान्यात होते. आराखडा करायला अभियंत्यांचा ताफा लागतो आणि त्यात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. तोवर उत्पन्न असो नसो, पगार द्यावेच लागतात. चिप तयार झाली आणि तिच्यात चूक निघाली, तर पुन्हा आराखडा, पुन्हा कारखाना, पुन्हा काही महिने. तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याची चिप बाजारात येते. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पेरणी फसली की दुबार पेरणी करता येते. पण तोवर हंगाम पुढे गेलेला असतो आणि घरची कोठी रिकामी होत असते.

एनव्हिडियाचे असेच झाले होते. ही कंपनी १९९३ साली कॅलिफोर्नियात जेन्सन हुआंग आणि त्यांच्या दोन मित्रांनी काढली. तिची पहिली चिप १९९५ साली आली. तीत एक मोठा निर्णय चुकला होता. पडद्यावरची वस्तू लहान लहान तुकडे जोडून उभी करतात. या मंडळींनी ते तुकडे वक्र आणि चार कोनांचे धरले. इकडे बाकीची दुनिया त्रिकोणाकडे चालली होती. मायक्रोसॉफ्टने गेम लिहिणाऱ्यांसाठी जी पद्धत आणली तीही त्रिकोणाचीच. झाले! एनव्हिडियाच्या चिपसाठी गेम लिहायला फारसे कुणी तयार होईना.

त्या वेळी जपानच्या सेगा कंपनीने आपल्या पुढच्या गेमयंत्रासाठी एनव्हिडियालाच चिपचे काम दिले होते. काम पुरे करावे, तर ती चुकीच्या पद्धतीचीच चिप होणार. सोडावे, तर पैसे बंद आणि कंपनी बंद. १९९६ साली हुआंग यांनी सेगाचे शोइचिरो इरिमाजिरी यांना स्पष्ट सांगितले की आमची पद्धत चुकली आहे, तुम्ही दुसरा जोडीदार पाहा; पण ठरलेले पैसे मात्र आम्हांला द्या, नाहीतर आम्ही बुडालो. काम न करता मोबदला मागण्यासारखेच हे झाले. इरिमाजिरींनी ते मान्य केले आणि सेगाने पन्नास लाख डॉलर गुंतवणूक म्हणून दिले.

त्या पैशाने काय मिळाले? हुआंग यांनीच २०२३ साली तैवानमधल्या पदवीदान समारंभात हा प्रसंग सांगितला. त्यांच्या सांगण्यानुसार त्यातून कंपनीला सहा महिन्यांचे आयुष्य मिळाले. सहा महिने! बरे, तेवढ्यावरच भागले नाही. निम्म्याहून अधिक माणसांना कामावरून कमी करावे लागले. नव्या चिपचा नमुना घडवून तपासायला वेळ नव्हता, म्हणून आराखडा यंत्रावरच तपासून चिप थेट कारखान्यात धाडली. १९९७ साली ती 'रिव्हा १२८' या नावाने बाजारात आली, तेव्हा कंपनीजवळ जेमतेम एका महिन्याच्या पगाराचे पैसे शिल्लक होते. चिप चालली. चार महिन्यांत दहा लाख नग खपले. १९९९ च्या जानेवारीत कंपनीचे शेअर बारा डॉलर भावाने लोकांसाठी खुले झाले.

"बघा!" माझा विद्यार्थी म्हणाला, "मी हेच म्हणत होतो."

मी म्हटले, "थांब. गोष्ट अर्धीच झाली आहे. आता शेजारच्या घरी जाऊ."

हे शेजारचे घर म्हणजे थ्रीडीएफएक्स. तीही कॅलिफोर्नियातलीच, १९९४ साली निघालेली कंपनी. धंदा तोच. १९९६ साली तिची 'व्हूडू' ही चिप आली आणि गेम खेळणाऱ्या जगात तिचा डंका वाजला. एनव्हिडिया पगाराची चिंता करत होती तेव्हा ही कंपनी सगळ्यांच्या पुढे होती. १९९७ च्या जूनमध्ये तिचे शेअर अकरा डॉलरने विक्रीस आले. त्याच वर्षी सेगाने तिच्याशीही करार करून मोडला आणि प्रकरण कोर्टात गेले. पण कंपनीचा माल इतका चांगला चालला होता की तो धक्का ती पचवून गेली. १९९८ साली 'व्हूडू २' आली. तिचेही कौतुक झाले.

मग चुकले कुठे? थ्रीडीएफएक्स नुसती चिप विकत असे. ती चिप घेऊन, कार्डावर बसवून गिऱ्हाइकाला विकणारे धंदेवाले वेगळे. १९९८ च्या डिसेंबरात कंपनीने ठरवले की कार्डही आपणच बनवू. त्यासाठी तिने एसटीबी नावाची कंपनी, मेक्सिकोतल्या कारखान्यासह, सुमारे चौदा कोटी डॉलरच्या मोलाला घेतली. समजा, तालुक्याच्या गावाला बियाण्याचा एक ठोक व्यापारी आहे. गावोगावचे दुकानदार त्याच्याकडून माल नेतात. एके दिवशी तो स्वतःच प्रत्येक बाजारपेठेत दुकान थाटतो. दुकानदार काय करतील? ते दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातील. इथेही तेच झाले. कार्ड बनवणारे एनव्हिडियाकडे गेले. जे काल गिऱ्हाईक होते ते आज प्रतिस्पर्ध्याचे बळ झाले.

त्यातच नवी चिप वेळेवर होईना. १९९९ च्या अखेरीस एनव्हिडियाची 'जीफोर्स' आली. थ्रीडीएफएक्सची 'व्हूडू ५' बाजारात यायला २००० सालचा उन्हाळा उजाडला. एका कार्डावर चार चिप बसवलेला एक दांडगा नमुना कंपनीने दाखवला होता. तो दुकानात कधी आलाच नाही. कारखाना चालवण्याचा खर्च अंगावर, माल उशिरा, गिऱ्हाईक दुसरीकडे. कोठी रिकामी झाली. २००० च्या डिसेंबरात कंपनीने आपले पेटंट हक्क, नाव आणि इतर मत्ता विकायचे ठरवले. कुणाला? एनव्हिडियाला. मोल ठरले सात कोटी डॉलर रोख आणि एनव्हिडियाचे दहा लाख शेअर. २००२ च्या ऑक्टोबरात थ्रीडीएफएक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे कित्येक वर्षे ते प्रकरण कोर्टात चालले.

आता श्रोतेहो, विचार करा. २००० सालच्या मध्याला तुमच्या हाती मोबाईल असता आणि त्यावर थ्रीडीएफएक्सच्या भावाची रेघ असती, तर ती कशी दिसली असती? डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. माझ्या विद्यार्थ्याने दाखवली तशीच. कंपनीचे नाव मोठे, मालावर प्रेम करणारे हजारो, भाव पडलेला. कुणीही म्हणाले असते, "हीच वेळ आहे."

आणि आठ वर्षे पुढे या. २००८ साली एनव्हिडियाच्या काही चिप लॅपटॉपमध्ये बिघडू लागल्या. भरपाईपोटी कंपनीने सुमारे वीस कोटी डॉलर बाजूला काढले. जगात मंदी आली होतीच. २००७ च्या अखेरीपासून वर्षभरात शेअरचा भाव ऐंशी टक्क्यांहून अधिक घसरला. पुन्हा तीच रेघ! पण या खेपेला कंपनीच्या कोठीत शंभर कोटींहून अधिक डॉलर होते आणि डोक्यावर कर्ज जवळजवळ नव्हते. ती वाईट साल काढू शकली.

दोन्ही रेघा सारख्या. फरक रेघेत नव्हता, कोठीतल्या दाण्यात होता. आजच्या भाषणात एवढे एकच लक्षात ठेवले तरी पुरे. पडलेला भाव तुम्हांला लोक किती घाबरले आहेत ते सांगतो. कंपनी किती दिवस तग धरील, ते तो सांगत नाही.

मग ते कळावे कसे? शिक्षकांना मी सांगेन की हे सातवीच्या गणिताचे काम आहे. अमेरिकेतल्या ज्या कंपन्यांचे शेअर बाजारात असतात त्यांना दर तीन महिन्यांनी आपला हिशेब जाहीर करावा लागतो. त्यात शोधायच्या गोष्टी थोड्याच.

पहिली, हातातली रोकड आणि दर महिन्याचा तोटा. रोकडीला तोट्याने भागा. साठ कोटी रोकड आहे आणि महिन्याला पाच कोटी जातात, तर बारा महिने उरले. मग पुढची चिप केव्हा येणार ते पाहा. ती अठरा महिन्यांनी येणार असेल, तर मधल्या सहा महिन्यांचा दाणा कुठून येणार?

दुसरी गोष्ट, तो दाणा कुणाच्या अटीवर येणार? कर्ज काढले, तर सावकार तुमच्या पुढे उभा राहिला. कंपनी मोडीत निघाली की आधी देणेकरी आपले पैसे घेतात. शेअर घेणारा रांगेत सर्वांत शेवटी. बहुतेक वेळा त्याची पाळी येईतो ताट रिकामे झालेले असते. आणि नवे शेअर काढले, तर वाटेकरी वाढले. शंभर वाट्यांत तुमचा एक होता, तो आता दीडशेंत एक झाला. कंपनी वाचली तरी तुमची भाकरी लहान झाली.

तिसरी गोष्ट, गिऱ्हाईक. कंपनीचा माल घेणारे कोण, आणि ते राहताहेत की चालले आहेत? थ्रीडीएफएक्सच्या घराला तडा गेला तो इथेच.

आणि एक छोटे गणित फळ्यावर जरूर मांडा. शंभराचा शेअर वीसवर आला म्हणजे ऐंशी टक्के गेले. पुष्कळांना वाटते, आता आणखी वीसच टक्के जायचे राहिलेत. हा हिशेब चुकीचा आहे. ज्याने वीसला घेतला त्याचे वीसचे शून्य झाले तर त्याचे शंभर टक्के गेले. अगोदरची घसरण त्याने सोसलेली नाही. त्याबद्दल त्याला सूटही मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढे सगळे पाहूनच घेणाऱ्याने १९९६ साली एनव्हिडियाला एक पैसाही दिला नसता. खरे आहे. हिशेबाने ती बुडालेलीच होती. मग इरिमाजिरींनी दिले ते चूक की बरोबर? माझे मत असे की त्यांनी माणसांवर विश्वास टाकला. चूक कबूल करणाऱ्या माणसावर टाकला, हेही लक्षात घ्या. आणि सेगासारख्या कंपनीचे पन्नास लाख डॉलर बुडाले असते तरी त्यांच्या घरची चूल विझली नसती. सेगाने पुढे ते शेअर सुमारे दीड कोटी डॉलरला विकले. तिप्पट झाले. आज लोक हसतात, की ठेवले असते तर केवढे झाले असते! हसणे सोपे आहे. त्या वर्षांत सेगाचीच स्थिती बिकट होत चालली होती. २००१ साली तिने गेमयंत्र बनवण्याचा धंदाच सोडला. तिलाही आपली कोठी सांभाळायची होती.

शिवाय शेअर धरून ठेवणे म्हणजे काय होते तेही ऐका. ज्या संपत्तीच्या गोष्टी आपण ऐकतो ती गेमच्या धंद्यातून आलेली नाही. ती आली कृत्रिम बुद्धिमत्तेतून. वर्गभर मुलांनी एकदम गणिते करण्याची ती युक्ती संगणकाला शिकवण्याच्या कामी येते. एनव्हिडियाने २००६ साली आपल्या चिप इतर हिशेबांसाठी खुल्या केल्या आणि २०१२ साली टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी गेमच्या दोन कार्डांवर चित्रे ओळखणारी व्यवस्था तयार करून सगळ्यांना चकित केले. २०२४ च्या जूनमध्ये ही कंपनी बाजारमूल्यात काही काळ जगात पहिली ठरली. पुण्यातही आज तिचे अभियंते काम करतात. पण १९९९ साली शेअर घेणाऱ्याला यातले काय ठाऊक होते? त्याला २००२ साली आणि पुन्हा २००८ साली आपल्या शंभराचे वीसहूनही कमी झालेले पाहावे लागले. दोन्ही वेळा न विकता बसलेला माणूस विरळा. ज्याला मुलीची फी भरायची होती, ज्याच्या आईचे ऑपरेशन होते, त्याने विकले. त्यात धीराचा प्रश्न नव्हता. पैशाची गरज होती, म्हणून विकले.

आणि ही गोष्ट आपल्यापर्यंत आली, कारण ही कंपनी जगली. थ्रीडीएफएक्सच्या शेअरमध्ये पैसे घालून बसलेल्यांची गोष्ट कोण सांगतो? उगवलेले रोप साऱ्यांना दिसते. कुजलेले दाणे मातीखाली असतात. ते मोजायला कुणी जात नाही.

तर माझ्या विद्यार्थ्याला मी घरी धाडले ते एक काम देऊन. म्हटले, "त्या कंपनीचा हिशेब काढ. रोकड भागिले तोटा कर. आणि कागद घेऊन ये."

आठवड्याने तो आला. कागदावर सुबक अक्षरात भागाकार केला होता. उत्तर होते अकरा महिने. पुढची चिप दीड वर्षाने येईल, असे कंपनीच म्हणत होती. मधल्या सात महिन्यांच्या जागी त्याने फक्त प्रश्नचिन्ह काढले होते.

"म्हणजे घेऊ नको म्हणता?" त्याने विचारले.

मी म्हटले, "ती कंपनी तगेलही. मला भविष्य कळत नाही. तुझ्या पगारातून उरलेले थोडे पैसे, जे गेले तरी घरात कुणाला कळणार नाही, ते तू घालतोस तर मी आड येणार नाही. शिकशील त्यातून. पण एक सांग, बाबांना विचारलेस का?"

तो गप्प बसला. विचारले नव्हते.

संध्याकाळी त्याने विचारले. वडील म्हणाले, "मी छत्तीस वर्षे नोकरी केली. ते पैसे पडून नाहीत रे. तुझी आई आणि मी त्यांच्यावर निजतो."

हे त्याने मला सांगितले तेव्हा त्याचे डोळे खाली होते. पैसे बँकेतच राहिले. जून लागताच त्याने वर्गात शेकडेवारीचा धडा घेतला आणि शंभराच्या वीसचे ते उदाहरण फळ्यावर मांडले. मुलांनी पहिल्या खेपेला चुकीचेच उत्तर दिले, असे तो सांगत होता.

श्रोतेहो, तुमच्याही मोबाईलवर कधीतरी ती रेघ येईल. तेव्हा दरी किती खोल आहे हे पाहण्याआधी दोन कोठ्या पाहा. एक त्या कंपनीची आणि दुसरी आपल्या घरची. कंपनीच्या कोठीत किती महिने आहेत ते मोजा. आणि आपल्या कोठीतला दाणा कोणाचा आहे, ते त्या माणसालाच विचारा.